चिमणीच्या उजेडातून वीज केंद्रात

वीज गेली की आमच्या वस्तीत एकच ओरडा होतो आणि आली की त्याहून मोठा ओरडा होतो. परंतु ती येते कोठून, हा प्रश्न आमच्या अभ्यासिकेतील मुलामुलींना कधी पडला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हालाही पडला नव्हता. आम्ही पडलो कारकून. बी.कॉम. होऊन कचेरीत चिकटलो, ते आजतागायत कागदावरच्या आकड्यांशीच आमची गाठ. विजेचे बिल आले की युनिट पाहायचे, दर पाहायचे, कुरकुर करीत भरून टाकायचे. एवढाच आमचा आणि विजेचा संबंध.

गेल्या पावसाळ्यात दहावीच्या एका मुलीने विचारले, "काका, एक युनिट म्हणजे नक्की किती हो?" आम्ही रुबाबात सांगितले, "एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट." तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "ते पुस्तकात आहे. पण एक युनिट तयार करायला काय काय लागते?" आम्ही गप्प झालो. त्याच रात्री ठरविले, की या मुलांना एकदा चालू वीज केंद्र आतून दाखवायचेच.

नागपूरहून दीडशे किलोमीटरवर चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथे शैक्षणिक भेटीसाठी अर्ज केला. अर्जासोबत प्रत्येकाचे नाव, वय आणि ओळखपत्राची प्रत जोडली. नववी ते बारावीची २२ मुलेमुली, तीन पालक, आमच्या सहचारिणी आणि आम्ही अशी यादी तयार झाली. यादीवर सही करणार तोच आई म्हणाली, "माहं पण नाव लिव्ह."

आम्हाला वाटले, थट्टा करते आहे. वय सत्तरीला टेकलेले, गुडघे दुखतात. पण आई म्हणाली, "ते केंद्र बांधलं तवा म्या घमेले उचलले. आतमधी कसं दिसते ते पाहू तर दे." आम्ही २८ वे नाव लिहिले.

भिंतीच्या अलीकडची चिमणी

वाचकहो, येथे थोडी घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे आईवडील मूल तालुक्यातील एका खेड्याचे. शेत नावापुरतेही नव्हते. चंद्रपूरला मोठे वीज केंद्र उभे राहते आहे, माणसे घेतात, असे कळल्यावर १९८० च्या सुमारास दोघे पायी आणि मिळेल त्या ट्रकने तेथे पोहोचले. वडील खोदाईवर, आई काँक्रीटची घमेली उचलण्यावर. आम्ही तेव्हा झोळीत होतो. दोन खांबांना साडी बांधून आई आम्हाला तिच्यात टाकायची आणि दर चार फेऱ्यांनी एकदा डोकावून जायची, असे तीच सांगते.

मजुरांच्या झोपड्या भिंतीलगत होत्या. झोपड्यांत वीज नव्हती. रॉकेलची चिमणी होती. १९८३ मध्ये पहिला संच सुरू झाला तेव्हा रात्री भिंतीपलीकडे झगझगीत दिवे लागले. सगळे मजूर बाहेर येऊन बघत उभे राहिले आणि मग आपापल्या चिमणीच्या उजेडात भाकर खायला आत गेले. ही गोष्ट आईने आम्हाला पुष्कळदा सांगितली आहे. सांगताना ती कधी रडत नाही. गंमत सांगावी तशी सांगते. पुढे काम संपले, कंत्राटदाराने माणसे कमी केली आणि आमचे कुटुंब नागपूरला आले. वडिलांनी हमाली केली. आज ते हयात नाहीत. त्यांनी उभारलेले केंद्र त्यांनी आतून कधीच पाहिले नाही.

बसमधला तास

जानेवारीतील एका शनिवारी पहाटे पाचला आम्ही विहारासमोरून निघालो. बुटीबोरी, जांब मागे पडले. जांबला चहा झाला. मुलांची झोप उडाली तशी आम्ही बसमध्येच थोडी शिकवणी घेतली.

आम्ही विचारले, "बाबासाहेबांचा आणि विजेचा काय संबंध?" कोणी हात वर केला नाही. घटना, महाडचा सत्याग्रह, धम्मदीक्षा सर्वांना तोंडपाठ. पण १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते, ही गोष्ट आपल्या सभांमधून फारशी सांगितली जात नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज विकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. देशाला नुसती वीज नको, ती स्वस्त हवी आणि मुबलक हवी, हा त्या भाषणाचा गाभा. का हवी, तर उद्योग वाढावेत म्हणून. उद्योग कशासाठी, तर शेतीवर कशीबशी जगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्यातून बाहेर पडावीत म्हणून. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच खात्यामार्फत. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी याच काळातली.

आणि बाबासाहेबांनी वीज केवळ फायलीत पाहिली नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते कोळसा खाणींच्या मुलखात गेले, खाणीत उतरले, खाणकामगारांच्या वसाहती त्यांनी पाहिल्या. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. विजेचा विचार करताना कोळसा काढणाऱ्या माणसाला विसरायचे नाही, हा धडा आम्ही मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगितले.

वरोरा, भद्रावती गेले. रस्त्यावर ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक वाढू लागले. कडेच्या झाडांची पाने काळपट दिसू लागली. दूरवर उंच चिमण्या दिसल्या. आईने खिडकीला नाक लावले. "आमच्या वेळी एवढ्या नव्हत्या," ती म्हणाली.

दाराशी

केंद्र शहराच्या उत्तरेला, ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आजूबाजूला ऊर्जानगर आणि दुर्गापूर. जवळच कोळशाच्या खाणी, जवळच जंगल. या परिसरात वाघाचा वावर असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामावरून परतणाऱ्या एका कामगाराचा वाघाने बळी घेतला होता. एका हाताला अवजड यंत्रे आणि दुसऱ्या हाताला वाघ, अशा जागी येथील माणूस रात्रपाळी करतो.

दारावर मोबाइल जमा करून घेतले. प्रत्येकाला शिरस्त्राण मिळाले. आईने डोक्यावरचा पदर सारखा करून त्यावर पिवळे शिरस्त्राण घातले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. आई म्हणाली, "आमच्या टायमाला चुंबळ होती."

माहिती देण्यासाठी एक तरुण अभियंता साहेब आले. त्यांनी प्रथम एका खोलीत नकाशा दाखविला. हे केंद्र पूर्वी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. तेव्हापासून वीज तयार करते ती महानिर्मिती, लांब वाहून नेते ती महापारेषण आणि घरोघर देते ती महावितरण. आपल्या हाती बिल येते ते महावितरणचे, म्हणून बाकीच्या दोघींचे नावही आपल्या लक्षात राहत नाही. आज या केंद्रात २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत. एकूण क्षमता २९२० मेगावॅट.

आईने हात वर केला. वर्गातल्या मुलीसारखा. "साहेब, आमचं काम पयल्या नंबरवर होतं जी. ते कुठं आलं?"

साहेब क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आजी, एक आणि दोन नंबरचे संच आता बंद केले. त्यांचे आयुष्य संपले."

आई काही वेळ नकाशाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या आधी तेच थकले म्हणा." साहेब हसले, मुलेही हसली. पण त्यानंतर साहेबांची भाषा बदलली, हे आमच्या लक्षात आले. प्रत्येक ठिकाणी ते आधी आजीला जागा करून देत आणि मग सांगायला सुरुवात करीत.

कोळशाचे पीठ

पहिल्यांदा कोळसा हाताळणी विभाग पाहिला. रेल्वेचा भरलेला डबा एका प्रचंड यंत्राच्या कवेत अडकवितात आणि अख्खा डबा कुशीवर वळवून खाली रिकामा करतात. सूप पाखडावे इतक्या सहज. तेथून कोळसा फिरत्या पट्ट्यांवरून वर जातो, वाटेत फुटून लहान होतो आणि मग गिरणीत दळला जातो. दळून किती बारीक? साहेबांनी चिमूटभर मुलांच्या तळहातावर ठेवले. चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखे. आईने दोन बोटांत घासून पाहिले आणि म्हणाली, "ज्वारीचं पीठ इतकं बारीक येत नाही."

हे पीठ गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकले जाते आणि हवेतच पेट घेते. ढेकूळ टाकले तर सावकाश जळेल, पीठ फुंकले तर क्षणात जळते. भट्टीत तापमान १२०० अंशांच्या वर जाते. चुलीत फुंकणीने फुंकर मारावी त्याचेच हे फार मोठे रूप, असे साहेब म्हणाले.

पट्ट्यांच्या खाली सांडलेला कोळसा काही स्त्रिया फावड्याने ओढून गोळा करीत होत्या. आई त्यांच्याजवळ थांबली. आम्हाला घाई होती, पण थांबलो. आईने विचारले, "पोरं शाळेत जातात काय?" त्यातली एक म्हणाली, "पोरगी आय.टी.आय.ले आहे." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढेच बोलणे झाले.

छताला टांगलेली चूल

बॉयलर म्हणजे मोठे भांडे, असे आमच्या डोळ्यांसमोर होते. ते चुकीचे निघाले. ही वीस मजली इमारतीसारखी उंच भट्टी आहे आणि तिच्या भिंती नळ्यांच्या आहेत. त्या नळ्यांतून पाणी फिरते, त्याची वाफ होते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की ही भट्टी जमिनीवर उभी नाही. वरच्या पोलादी तुळयांना ती टांगलेली आहे. तापली की लोखंड वाढते. खाली टेकविली असती तर वाढायला जागा न मिळून ती वाकली असती. म्हणून वरून टांगली. तापल्यावर ती वीतभर तरी खाली उतरते आणि थंड झाल्यावर पुन्हा वर जाते.

लिफ्टने वर गेलो. जाळीदार लोखंडी फरशीतून खालचे मजले दिसत होते. काही मुलींनी डोळे मिटून घेतले. एका छोट्या जाड काचेतून साहेबांनी आतली ज्वाळा दाखविली. ती लाल नव्हती, जवळजवळ पांढरी होती.

तेथून टर्बाइनच्या दालनात. कानात कापसाचे बोळे घालूनही छातीत आवाज घुमत होता. ५०० मेगावॅटच्या संचात वाफेचे तापमान ५४० अंशांच्या आसपास आणि दाब साधारण १७० वातावरणांइतका. ती वाफ पात्यांवर आदळते आणि दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते ती याच कारणाने. वस्तीतला पंखा आणि हा दांडा एका तालावर बांधलेले आहेत, हे ऐकून मुले एकमेकांकडे पाहू लागली. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते ती २१ हजार व्होल्टची. बाहेर पडताना ती चार लाख व्होल्टपर्यंत चढवितात, कारण दाब जास्त असला की वाटेत गळती कमी.

ताईंच्या खुर्चीजवळ

नियंत्रण कक्षात शिरल्यावर एकदम शांतता वाटली. थंड हवा, पडद्यांवर रंगीत आकृत्या आणि आकडे. एका पडद्यासमोर एक तरुण अभियंता ताई बसल्या होत्या. मोठ्या अक्षरांत ४९.९८ असा आकडा दिसत होता. ताई म्हणाल्या, "ही वारंवारता. ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायची. सगळ्या देशाने एकदम जास्त वीज ओढली तर आकडा खाली येतो, कमी ओढली तर वर जातो. एवढी वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढीच तयार करायची." किती तयार करायची याचा आदेश कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून येतो.

बारावीच्या एका मुलाने विचारले, "ताई, सौर ऊर्जा आल्यावर हे बंद पडेल का?" ताईंनी प्रश्न टाळला नाही. त्या म्हणाल्या, "दुपारी सूर्याची वीज भरपूर येते तेव्हा आम्ही संच मंद करतो. पण साधारण ५५ टक्क्यांच्या खाली नेणे कठीण. सूर्य मावळला की घरोघरी दिवे लागतात आणि आम्हाला पुन्हा जोर लावावा लागतो. कोळशाचे काम कमी होत जाईल. तुम्ही शिकून याल तेव्हा कदाचित वेगळेच यंत्र चालवाल. पण विजेचे काम कोठे जात नाही."

आमची दहावीची मुलगी बराच वेळ त्या खुर्चीकडे पाहत होती. तिने विचारले, "येथे बसायला काय शिकावे लागते?" ताईंनी सांगितले : दहावीनंतर अभियांत्रिकी पदविका किंवा बारावीनंतर पदवी, विद्युत, यंत्र किंवा उपकरण शाखेची. नंतर भरतीची परीक्षा. तंत्रज्ञ व्हायचे तर आय.टी.आय. आणि शिकाऊ उमेदवारी. "गणिताला घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. मुलीने वहीत लिहून घेतले.

धूर, राख आणि पाणी

बाहेर आल्यावर कमरेत बारीक असे उंच मनोरे दिसले. त्यांतून पांढरे ढग निघत होते. मुलांना वाटले, हाच धूर. साहेबांनी समजावले, की ही पाण्याची वाफ. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी जे पाणी वापरतात ते येथे थंड होते आणि त्यातले बरेचसे आकाशात उडून जाते. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. बाकीची अशी हवेत आणि पाण्यात जाते.

हे पाणी इरई धरणाचे. चंद्रपूर शहर पिते तेही याच धरणाचे. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये.

मग राख. आपल्या कोळशात १०० किलोमागे ३५ ते ४० किलो राख असते. धुरातली राख पकडण्यासाठी भल्यामोठ्या पेट्या आहेत. त्यांत विजेचा दाब दिलेल्या पत्र्यांना राखेचे कण चिकटतात, हातोडे पत्रे ठोकतात आणि राख खाली पडते. ही राख सिमेंटला आणि विटांना जाते. सगळी राख उपयोगात आणावी असे सरकारचे २०२१ चे फर्मान आहे. उरते ती पाण्यात कालवून राखेच्या तलावात जाते. गंधकाचा वायू मात्र या पेट्यांत अडकत नाही. त्याची मर्यादा २०१५ मध्येच ठरली, पण देशभरातील केंद्रांना त्यासाठी मुदत वाढवून मिळत गेली.

साहेब हे सर्व न लपविता बोलले, याबद्दल त्यांचे आभार. खाणी, उद्योग आणि वीज केंद्र सगळे मिळून चंद्रपूरच्या हवेवर ताण आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रे जाहीर केली, त्यांत चंद्रपूर होते. आणि येथून १९९९ साली सुरू झालेली ७५२ किलोमीटरची एक खास वाहिनी १५०० मेगावॅटपर्यंत वीज थेट ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला नेते. तेथून पुढे ती मुंबईकडच्या मुलखात जाते. दिवे तिकडे लागतात, राख इकडे राहते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जमा आणि खर्च

परत निघताना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती ही भूमी. वंदना झाली, डबे सोडले. मग बसमध्ये आम्ही मुलांना आमच्या धंद्यातले काम दिले. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. एका युनिटचा हिशेब मांडा.

खर्चाची बाजू भराभर भरली. साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा. तीन-साडेतीन लिटर पाणी. पाव किलो राख. धूर. खाणीखाली गेलेली जमीन. जमेला अभ्यासिका आली. आमच्या अभ्यासिकेत २० वॅटच्या १२ नळ्या रोज चार तास जळतात, म्हणजे ९६० वॅट-तास, जवळजवळ एक युनिट. पाऊण किलो कोळशात २२ मुलांचा एका संध्याकाळचा अभ्यास. शिवाय दवाखाना, पिठाची गिरणी, रेल्वे, पाण्याचा पंप. एका मुलाने ५०० मेगावॅटच्या संचाचा हिशेब केला : तासाला पाच लाख युनिट, म्हणजे सुमारे साडेतीनशे टन कोळसा, दहा टनी ३५ ट्रक. दर तासाला!

दहावीच्या मुलीने खर्चाच्या बाजूला सर्वांत शेवटी लिहिले, "आजी आणि आजोबांची मजुरी." आम्हाला भरून आले. आम्ही ते आईला वाचून दाखविले. आम्हाला वाटले, तिला बरे वाटेल.

आई म्हणाली, "मी खर्चात काहून? मले जमेत लिव्ह."

आम्ही बी.कॉम. शिकलो तेव्हापासून मजुरी नेहमी खर्चाच्याच बाजूला मांडत आलो. पुस्तक तसेच सांगते, कचेरीही तसेच करते. पण त्या क्षणी पुस्तकातले उत्तर आईला द्यावेसे वाटले नाही. ज्या हातांनी केंद्र उभे केले ते हात नसते तर कोळसा जमिनीत आणि पाणी नदीतच राहिले असते. मग जमेला लिहायला काय उरले असते? मुलीने खर्चाच्या बाजूची ती ओळ खोडली आणि जमेच्या बाजूला सर्वांत वर लिहिली. आम्ही त्या पानावर तपासल्याची सही केली.

रात्री दहाला वस्तीत पोहोचलो. वीज होती. आई घरात शिरली, मोरीतला दिवा कोणी चालूच ठेवला होता, तो बंद केला आणि मग पाणी प्यायली. पूर्वी तो दिवा आम्ही बंद करायचो तो बिलाच्या भीतीने. आता आमच्या घरातली मुले आजीच्या धाकाने करतात.

समाजबांधवांनो, आपल्या मुलांना सहलीला नेता तेव्हा बागा आणि किल्ले जरूर दाखवा. परंतु एखादे चालू वीज केंद्र, एखादे धरण, एखादा कारखानाही दाखवा. अर्ज एक महिना आधी करा. यादी बिनचूक असू द्या. मुलांच्या पायात बंद बूट आणि अंगात सुती कपडे हवेत. ओढणी, पदर आवरून बांधावा. प्रश्न आधी वहीत लिहून न्यावेत. आणि घरात जर कोणी असे वडीलधारे असेल, ज्याने त्या भिंती उभ्या करताना घमेले उचलले, तर त्याचे किंवा तिचे नाव यादीत सर्वांत आधी लिहा.

आमची दहावीची मुलगी सध्या रोज अर्धा तास जास्त गणित करते आहे. पदविकेच्या प्रवेशाची माहिती आम्ही गोळा करून ठेवली आहे. आपल्या वस्तीतील कोणाला हवी असल्यास अभ्यासिकेत जरूर यावे. जयभीम.